बॅटल रोयाल

बॅटल रोयाल : जपानी चित्रपट (२०००). दिग्दर्शक किंजी फुकासाकु (१९३०–२००३). पटकथा त्यांचे पुत्र केन्ता फुकासाकु यांची. वितरण तोएई कंपनीचे. जपानमध्ये प्रदर्शन १६ डिसेंबर २००० रोजी. कोशुन ताकामी यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. शाळकरी मुलांना बेटावर सोडून, एकच जण उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावणारा सरकारी कायदा हा त्याचा विषय. कथानक चार ओळींत सांगून होते. त्याविषयीचा वाद मात्र पाव शतक उलटले तरी मिटलेला नाही. प्रस्तुत नोंदीचा भर प्रेक्षकांच्या मतांवर आहे.

एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी जपानची घडी विस्कटली आहे, बेकारी १५ टक्क्यांवर गेली आहे आणि आठ लाख विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला आहे, असे आरंभीच्या पाटीवर सांगितले जाते. मुलांना घाबरलेली मोठी माणसे शिक्षणसुधारणेच्या नावाखाली ‘बी. आर.’ कायदा करतात. त्यानुसार दरवर्षी एक वर्ग निवडला जातो. या खेपेस पाळी येते ती एका कनिष्ठ माध्यमिक शाळेतील तिसऱ्या वर्षाच्या ‘ब’ तुकडीची (वयाने आपल्याकडची नववी). सहलीच्या बसमध्ये गुंगीच्या वायूने झोपवलेली मुले जागी होतात, तेव्हा गळ्यात स्फोटक पट्टे असतात. खेळात एकूण ४२ जण, मुदत तीन दिवसांची. बेटाच्या नकाशावर चौकोन आखलेले असून ठरावीक वेळाने त्यांतले काही ‘धोक्याचे’ म्हणून जाहीर होतात. तिथे थांबणाऱ्याचा पट्टा फुटतो. प्रत्येकाला एक पिशवी मिळते आणि तीत कोणाच्या नशिबी बंदूक, कोणाच्या दुर्बीण. नायक शुया नानाहाराच्या वाट्याला भांड्याचे झाकण येते.

नाव व उगम : इंग्रजीत ‘बॅटल रॉयल’ ही संज्ञा सतराव्या शतकापासून आढळते. तिचा संबंध बहुधा कोंबड्यांच्या झुंजीशी असावा. पुढे ती अनेकांच्या एकत्र मारामारीला आणि विसाव्या शतकात व्यावसायिक कुस्तीतील, शेवटचा मल्ल रिंगणात उरेपर्यंत चालणाऱ्या सामन्याला लावली जाऊ लागली. ताकामींनी ती कुस्तीवरून घेतली याबद्दल शंका नाही, कारण कादंबरीच्या सुरुवातीलाच एक कुस्तीशौकीन या सामन्याची रीत समजावून सांगतो. वाद आहे तो शेवटच्या ‘रोयाल’ या फ्रेंच वळणाच्या उच्चाराचा. तो हेतुपुरस्सर घेतला की बोलण्याच्या ओघात आला, याविषयी निरनिराळ्या हकिकती सांगितल्या जातात. जपानी लिपीतील ‘बातोरु रोवाइआरु’ हे रूप फ्रेंच उच्चाराकडे झुकणारे असल्याने मराठीतही ‘रॉयल’पेक्षा ‘रोयाल’ लिहिणे अधिक बरोबर, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. खेळांच्या संदर्भात मात्र ‘बॅटल रॉयल’ हेच रूप रुळले आहे आणि ते आता बदलणार नाही.

कल्पनेचा उगम त्याहून रंजक आहे. एका लोकप्रिय शालेय दूरचित्रवाणी मालिकेतला प्रेमळ शिक्षक वर्गासमोर उभा राहून, आज तुम्ही एकमेकांना मारायचे आहे, असे सांगतो आहे, हे चित्र आपल्याला अर्धवट झोपेत दिसले, असे ताकामींनी सांगितले आहे. ती मालिका म्हणजे १९७९ पासून चाललेली ‘किंपाची सेन्सेई’. तिच्यातली तुकडीही तिसऱ्या वर्षाची ‘ब’च आहे आणि शिक्षकाचे नाव किंपाची साकामोतो, कादंबरीत खेळ चालवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव किंपात्सु साकामोची. जपानी वाचकाला ही चेष्टा पहिल्या पानांतच कळते. परदेशी प्रेक्षकांच्या लिखाणात तिचा उल्लेख क्वचितच सापडतो, आणि चित्रपटातील विनोद त्यांना ‘विचित्र’ वाटतो त्याचे निम्मे कारण हेच असावे.

हस्तलिखित १९९७-९८ च्या सुमारास एका भयकथा स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, पण विषयाच्या धसक्याने परीक्षकांनी ते बाजूला ठेवले. वर्षभरात ओता या प्रकाशनसंस्थेने ते काढले आणि पुस्तक धडाक्याने खपले. मूळ कादंबरीत हुकूमशाही ‘बृहत् पूर्व आशिया प्रजासत्ताक’ आहे व खेळ हा लष्करी प्रयोग आहे. चित्रपटाने ते काल्पनिक राज्य काढून टाकले आणि कायदा थेट समकालीन जपानच्या शिक्षणखात्याच्या दारात आणून ठेवला. कादंबरीच्या चाहत्यांची पहिली तक्रार हीच असते की राजकारण गेले आणि फक्त मारामारी उरली. ती पूर्णतः पटणारी नाही. पडद्यावर राजकारण आहेच. ते राष्ट्राचे नसून शाळेचे आणि घराचे आहे, इतकेच.

संसदेतील वाद : चित्रपटाविषयीची पहिली जोरदार मते तो न पाहिलेल्यांची होती. नोव्हेंबर २००० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार कोकी इशीई यांनी जपानी संसदेत त्यावर प्रश्न उपस्थित केला. प्रदर्शनापूर्वी खासदारांसाठी खास खेळही झाला. त्यामागची भीती हवेतली नव्हती. १९९७ साली कोबे शहरात एका १४ वर्षांच्या मुलाने दोन लहान मुलांचे खून केले होते. मे २००० मध्ये १७ वर्षांच्या एका मुलाने सागाहून निघालेली बस पळवून एका प्रवाशाचा जीव घेतला. त्या वर्षी जपानी वृत्तपत्रांत ‘सतरा वर्षे’ हे शब्दच दचकवणारे झाले होते. बालगुन्हेगारी कायद्यात बदल होऊन फौजदारी शिक्षेची वयोमर्यादा १६ वरून १४ वर आणली गेली, तीही याच नोव्हेंबरात. शिक्षणसुधारणेसाठी नेमलेल्या राष्ट्रीय मंडळाचा अंतिम अहवाल डिसेंबरात, चित्रपटाच्या पाठोपाठ आला. पडद्यावरचा कायदा म्हणजे चालू बातम्यांचेच विडंबन होते.

जपानी चित्रपट-नियमन मंडळाने त्याला ‘आर-१५’ हा दाखला दिला, म्हणजे १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. याचा अर्थ असा की गोष्टीतल्या बहुतेक मुलांना स्वतःचीच गोष्ट पाहता आली नसती. फुकासाकुंना हा निर्णय रुचला नाही. हा चित्रपट आपण त्या वयाच्या मुलांसाठीच केला आहे, असे ते सांगत राहिले. बोभाट्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. जपानमध्ये चित्रपटाने सुमारे ३११ कोटी येनांचा धंदा केला, आणि ब्लू रिबन पारितोषिकांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. जाता जाता नोंदवायला हरकत नाही, की खेळातला अनुभवी गडी कावादा साकारणारे तारो यामामोतो २०१३ मध्ये त्याच संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले.

अन्वयार्थ : हिंसेचे समर्थन आणि हिंसेचा निषेध अशी ढोबळ विभागणी नेहमी केली जाते, तिने फारसे काही हाती लागत नाही. अधिक उपयोगी प्रश्न असा, की हा चित्रपट कोणत्या पिढीने कोणाविषयी काढला. फुकासाकु चित्रीकरणाच्या वेळी सत्तरीचे होते आणि हा त्यांचा साठावा चित्रपट म्हणून जाहिरात झाली. १९४५ च्या उन्हाळ्यात ते १५ वर्षांचे होते आणि इबाराकी प्रांतातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वर्गमित्रांबरोबर कामाला जुंपलेले होते. शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात मुले एकमेकांच्या अंगाखाली दडली, जी वाचली ती दुसऱ्याच्या देहाआड वाचली, आणि नंतर मित्रांची प्रेते उचलण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले. मोठी माणसे आजवर जे सांगत होती ते खोटे होते, हे आपल्याला तेव्हा कळले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. काही अभ्यासक चित्रपटाकडे परीक्षांच्या जीवघेण्या चढाओढीवरचे व्यंग म्हणून पाहतात, काही नव्वदीतल्या आर्थिक घसरणीचे चित्र म्हणून. दोन्ही वाचने चुकीची नाहीत. तरी बेटावरची प्रेते दाखवताना कॅमेरा ज्या घाईने, जवळजवळ बातमीपटासारखा धावतो, त्याचा उलगडा १९४५ शिवाय नीट होत नाही. १९७३ पासूनच्या त्यांच्या गुंडपटांतही हीच धावपळ दिसते.

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या १९५४ च्या कादंबरीशी तुलना वारंवार होते, पण ती वरवरची आहे. तिथे मोठी माणसे नाहीशी होतात आणि मुले रानटी बनतात. इथे मोठी माणसे सकाळ-संध्याकाळ ध्वनिक्षेपकावरून मेलेल्यांची यादी वाचतात.

प्रेक्षक ज्या प्रसंगाविषयी सर्वाधिक बोलतात तो दीपगृहाचा. सहा मुलींनी तिथे आसरा घेतला आहे. एकीने जेवण रांधले आहे, जखमी शुया आत निजलेला आहे. त्याने एकाला मारल्याचे पाहिले अशा समजुतीत युको त्याच्या ताटात विष कालवते. ते ताट दुसरीच मुलगी चाखते आणि कोसळते. मग कोणी घातले, कोण खोटे बोलते आहे, बंदूक कोणाच्या हाताजवळ आहे, हे सगळे काही क्षणांत घडते. क्षणापूर्वी थट्टामस्करी करणाऱ्या मुली एकमेकींवर गोळ्या झाडतात. उरते ती एकटी युको, आणि तीही दीपगृहावरून उडी टाकते. या प्रसंगात खलनायक कोणीच नाही. चित्रपट ‘नुसता रक्तपात’ आहे असे म्हणणाऱ्यांना त्याचे चाहते हाच प्रसंग दाखवतात, आणि ते रास्त आहे.

नापसंतीची मतेही सरसकट झिडकारण्यासारखी नाहीत. ४२ मुले दोन तासांच्या आत ओळखीची होणे अवघड. अनेकांचा परिचय होतो तो मेल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या नाव-क्रमांकातून आणि ‘उरले इतके’ या आकड्यातून. हा आकडा काहींना क्रूर थट्टा वाटतो, काहींना तोच चित्रपटाचा कणा. मरता मरता प्रेमाची कबुली देणारी मुले भाबडी वाटतात, अशीही तक्रार आहे. पण १५ व्या वर्षी माणूस याहून वेगळा बोलत नाही. किरियामाविषयीचा आक्षेप मात्र खरा. कादंबरीत त्याच्या थंडपणाला मेंदूच्या इजेचे कारण आहे. पडद्यावर तो हौसेने खेळात उतरलेला, एक शब्दही न बोलणारा मारेकरी आहे. डोंगरावरून कर्ण्यातून ‘थांबा’ म्हणून हाका मारणाऱ्या दोन मुलींना तो गोळ्या घालतो आणि मरणारीच्या तोंडाशी तोच कर्णा धरतो. दृश्य विसरता येत नाही, पण त्यामागे माणूस सापडत नाही.

याउलट शिक्षकाच्या भूमिकेतील ताकेशी कितानो यांच्याबाबत जवळपास एकमत आहे. वर्गात कुजबुजणाऱ्या मुलीच्या कपाळात सुरी फेकणारा हा माणूस अखेरीस पाण्याची पिचकारी रोखून मरण ओढवून घेतो, आणि मेल्यासारखा पडलेला उठून घरी मुलीशी फोनवर बोलतो. मुलांचे रक्तबंबाळ दृश्य असलेले त्याच्या हातचे चित्र कितानोंनी स्वतः काढले आहे. मासामिची आमानो यांच्या संगीतात व्हेर्दींच्या मृतात्म्यांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा आणि योहान श्ट्राउसच्या वॉल्ट्झचा वापर आहे. सूचना वाचून होताना मंद वॉल्ट्झ वाजणे हे कोणाला फार हुशारीचे वाटते, तर कोणाला शाळेच्या घंटेइतके नेमके.

एप्रिल २००१ मध्ये आठेक मिनिटांनी वाढवलेली आवृत्ती निघाली. तीत बास्केटबॉलचा सामना व वर्गातल्या मित्सुको या मुलीचे बालपण यांची भर आहे. मित्सुकोच्या वागण्याला कारण मिळाल्याने काहींना ती आवृत्ती बरी वाटते. मूळची, कारणे न देणारी आवृत्ती अधिक धारदार आहे.

परदेशी स्वागत : ‘अमेरिकेत बंदी’ ही दंतकथा आहे. तिथे सरकारी बंदी कधीच नव्हती. एप्रिल १९९९ मधील कोलंबाइन शाळेतील गोळीबारानंतर वितरकांशी सौदा जमला नाही, आणि अधिकृत डीव्हीडी थेट २०१२ मध्ये आली. दरम्यान ब्रिटनमध्ये तो २००१ मध्येच प्रौढांसाठीच्या दाखल्यावर दाखवला गेला होता. मिळत नाही म्हणून कीर्ती वाढली, हे नाकारता येणार नाही. क्वेंटिन टॅरंटिनो यांनी २००९ मध्ये, आपण दिग्दर्शन सुरू केल्यानंतरच्या काळातला हा आपला सर्वांत आवडता चित्रपट असल्याचे सांगितले. त्यातली अभिनेत्री चिआकी कुरियामा त्यांनी आधीच आपल्या २००३ च्या चित्रपटात घेतली होती.

जपानमध्ये २००४ साली सासेबो येथील प्राथमिक शाळेत एका मुलीने वर्गमैत्रिणीचा जीव घेतला, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्या आवडीत या कथेचा उल्लेख केला आणि जुना वाद पुन्हा पेटला. कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

उत्तरभाग २००३ मध्ये आला. चित्रीकरणाच्या आरंभीच फुकासाकुंचे निधन झाल्याने तो केन्तांनी पुरा केला. प्रेक्षकांनी व समीक्षकांनी तो बहुतांशी नाकारला.

प्रभाव : २००८ च्या ‘हंगर गेम्स’ या कादंबरीच्या लेखिका सुझन कॉलिन्स यांनी, हस्तलिखित सोपवेपर्यंत आपण या कथेचे नावही ऐकले नव्हते, असे म्हटले आहे, प्रेक्षकांतील उसनवारीचा वाद त्याने शमलेला नाही. संगणकीय खेळांबाबत मात्र वाद नाही. ‘पबजी’चे कर्ते ब्रेंडन ग्रीन यांनी या चित्रपटाचे ऋण उघड मानले आहे. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’च्या मोबाइल आवृत्तीवर बंदी येईपर्यंत पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंतची मुले आकसत जाणाऱ्या ‘झोन’च्या मागे धावत होती. ग्रीन यांना तो झोन आधी चौकोनीच करायचा होता, चित्रपटातल्या नकाशावर आहे तसा. पण प्रोग्रॅमिंगचा तेवढा सराव नसल्याने त्यांनी वर्तुळावर भागवले, आणि ते वर्तुळच पुढे कायम राहिले.