तूस, तुरटी आणि फ्लोराइड

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलमागे तुसाचे ढीग साचतात. त्याच विदर्भात, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत हापशाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मग या फुकटच्या तुसाने ते पाणी पिण्याजोगे करता येईल का? येईल, पण एकट्या तुसाच्या जिवावर नाही. हे कळले नाही, तर ‘अमुक सालीने 90 टक्के फ्लोराइड काढले’ अशा बातम्या येत राहतात आणि गावाच्या हाती काहीच लागत नाही.

फ्लोराइड येते खडकातून. फ्लुओराइट, ॲपेटाइट, काळे अभ्रक अशा खनिजांशी पाण्याचा जितका जास्त काळ संबंध, तितके ते जास्त विरघळते. म्हणून खोल बोअरमध्ये धोका अधिक. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर त्याच्याशी संयोग होऊन बरेचसे फ्लोराइड खाली बसते. बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असेल तर ते विरघळलेलेच राहते. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. याहून जास्त फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. प्रमाण बरेच जास्त असेल आणि तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे आखडतात, पाठ वाकते. हाडांची ही हानी भरून निघत नाही.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. साधा कँडल फिल्टर किंवा क्लोरीनचाही उपयोग नाही. आरओने जाते, पण त्यात बरेच पाणी वाया जाते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला ते परवडत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत स्वस्त आहे: पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, गाळ बसला की वरचे पाणी काढून घ्यायचे. मात्र तुरटी बरीच लागते, मात्रा चुकली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहते आणि गाळ रोजचा.

टाकाऊ वस्तू इथे कामी येतात, पण त्यांना आधी तयार करावे लागते. तूस जाळल्यावर उरते ती बहुतांश सिलिका. साध्या पाण्यात तिच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो आणि फ्लोराइडही ऋणच, त्यामुळे ते तिला चिकटत नाही. आता हीच राख तुरटीच्या द्रावणात भिजवून त्यात अल्कली घातली, की कणाकणावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पातळ थर बसतो. या थराचा प्रभार साध्या पाण्यात धन असतो, म्हणून फ्लोराइड त्यावर धरून राहते. नलगोंडा पद्धतीत गाळ होऊन जाणारे ॲल्युमिनियम इथे राखेवर पक्के बसलेले असते. थोडक्यात, फ्लोराइड पकडते ॲल्युमिनियम. राख त्याला भरपूर जागा देते, तीही जवळपास फुकट. शेंगांची टरफले, लाकडाचा भुसा, नारळाच्या करवंटीचा कोळसा यांचेही साधारण असेच.

अंड्याच्या टरफलांचे वेगळे. त्यांत असते कॅल्शियम कार्बोनेट. त्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन फ्लोराइडचे कॅल्शियम फ्लोराइड बनते, पण ते स्वतःच थोडेसे विरघळते. साध्या पाण्यात ते एवढे विरघळते, की लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम फ्लोराइड पाण्यात उरते. ज्या गावात मुळातच 3-4 मिलिग्रॅम आहे, तिथे टरफलाची नुसती भुकटी काय करणार? त्याच टरफलांत फॉस्फेट मिसळून हायड्रॉक्सिॲपेटाइट केले तर गोष्ट बदलते. हाडांतही हेच खनिज असते आणि त्यातल्या हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड चपखल बसते. केनियातल्या नाकुरूत हाडांच्या कोळशाचे फिल्टर प्रत्यक्ष वापरात आले ते याच जोरावर. भाजणीचे तापमान मात्र सांभाळावे लागते. हाडे फार तापली की क्षमता घसरते. आपल्याकडे पाण्याला हाडांचा स्पर्श अनेक घरांना चालणार नाही, आणि ही अडचण तांत्रिक अडचणीइतकीच खरी मानली पाहिजे.

आता त्या 90 टक्क्यांचा हिशेब करू. पाच जणांच्या घराला पिण्या-रांधायला रोज 20 लिटर पाणी धरले आणि फ्लोराइड 4 वरून 1 मिलिग्रॅमवर आणायचे ठरवले, तर रोज 60 मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे 22 ग्रॅम फ्लोराइड अडवावे लागेल. एक ग्रॅम माल 2 मिलिग्रॅम फ्लोराइड धरत असेल, तर वर्षाला 11 किलो माल लागला. म्हणून किती टक्के निघाले याहून एक ग्रॅमने किती धरले हे मला महत्त्वाचे वाटते. आणि तेही कोणत्या पाण्यातून? प्रयोगशाळेत अनेकदा शुद्ध पाण्यात सोडियम फ्लोराइड विरघळवून चाचणी घेतात. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट आणि फॉस्फेटही त्याच जागांसाठी झगडतात, मग क्षमता कमी भरते.

वापरून संपलेली राख शेतात किंवा नाल्यात टाकायची नाही, नाहीतर अडवलेले फ्लोराइड पुन्हा मातीत आणि पाण्यात उतरू शकते. ती कुठे टाकायची आणि नवी राख कोण आणणार, हे फिल्टर बसवायच्या दिवशीच ठरवायला हवे. फिल्टर संपला हे पाण्याच्या रंगावरून किंवा चवीवरून कळत नाही. त्यासाठी झिर्कोनियम-ॲलिझरिनची चाचणी आहे: नमुन्यात थेंब टाकले की फ्लोराइड कमी असताना गुलाबी-लाल रंग दिसतो, वाढत गेले की तो पिवळ्याकडे झुकतो. आशाताई, ग्रामपंचायतीतला पाणी कर्मचारी किंवा शाळेतली मोठी मुलेही ही तपासणी दर महिन्याला करू शकतील. पिवळेपणा दिसला, की त्याच आठवड्यात फिल्टरमधली राख बदलायची.