पंखावर चिकटवलेलं सूत

गोंदियाजवळ बिरसीच्या आकाशात प्रशिक्षणाची छोटी विमानं आसपासच्या गावांना नवी नाहीत. मान वर केली की पंख दिसतो, त्यावरून वाहणारी हवा मात्र दिसत नाही. आणि विमानाच्या चाचणीत सगळा खेळ त्या हवेचाच.

ती दिसावी म्हणून एक जुना, स्वस्त उपाय आहे. पंखाच्या वरच्या अंगाला सुताचे किंवा लोकरीचे बोटभर तुकडे ओळीने चिकटवायचे, एक टोक मोकळं ठेवून. (सूत यवतमाळच्या कापसाचं असलं तरी चालेल.) प्रवाह सुरळीत असेल तर धागे मागे सरळ पडून राहतात. विमानाचं नाक उचलत नेलं, की पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन साधारण १५ अंशांच्या आसपास पोचताच हवा पंखाला सोडू लागते. मग तिथले धागे धुऱ्यावरच्या बुजगावण्याच्या बाह्यांसारखे फडफडतात, काही तर चक्क पुढे वळतात. हवा अशी सुटण्यालाच स्टॉल म्हणतात. तो पंखाच्या मुळाशी आधी यावा, म्हणजे टोकाकडची एलेरॉन्स (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा) हाताशी राहतात, अशी रचना बहुतेक छोट्या विमानांत करतात. रचना खरंच तशी वागते का, हे धागे सांगतात. पण हे सारं काही सेकंदांत उरकतं, आणि वैमानिक तेव्हा विमान सावरण्यात गुंतलेला असतो. म्हणून शेपटीवर मुठीएवढा कॅमेरा बसवायचा आणि खाली उतरल्यावर एकेक फ्रेम थांबवून बघायची.

दुसरा कॅमेरा कॉकपिटमध्ये, काट्यांकडे तोंड करून. मांडीवरच्या वहीत आकडे खरडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. शिवाय आवाजही मिळतो. दोन पात्यांचा पंखा (प्रोपेलर) मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८० ठोके पडतात, म्हणजे आवाजावरून इंजिनाचा वेग काढता येतो. त्याच पंख्याच्या चित्रावर मात्र विश्वास ठेवू नये. बरेच कॅमेरे फ्रेम एकदम न टिपता ओळीओळीने टिपतात, त्यामुळे पाती केळ्यासारखी वाकडी दिसतात.

विदर्भात व्हिडिओचा सर्वांत रोकडा उपयोग मे महिन्यात व्हावा. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवरच्या धावपट्टीवर पारा ४५ अंशांवर गेला, की हवा प्रमाण वातावरणातल्या (हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेतल्या) १४०० मीटर उंचीइतकी विरळ होते. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी, आणि धाव लांबते. किती, ते बाजूने घेतलेल्या व्हिडिओत मोजता येतं: सेकंदाला ३० फ्रेम आणि वेग ताशी १०८ किलोमीटर असेल, तर दर फ्रेमला विमान १ मीटर पुढे सरकतं. जानेवारीच्या सकाळचा आणि मेच्या दुपारचा, असे दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की चाकं धावपट्टी कुठे सोडतात, तो फरक मीटरमध्ये हाती येतो.