खुबा मोडला की एकाला रॉड, दुसऱ्याला गोळा, असं का?

मागच्या महिन्यात चोपड्याकडच्या आमच्या गावात दोन आज्या आठवडाभरात पडल्या, एक मोरीत घसरून, दुसरी ओट्यावरून उतरताना. दोघींचा खुबा गेला, पाय आखूड झालेला न पंजा बाहेरच्या बाजूला कलंडलेला. एकीला आतून रॉड टाकला, दुसरीचा मांडीच्या हाडाचा गोळाच काढून धातूचा बसवला. लगेच पारावर चर्चा, गोळा म्हणजे बिल वाढवायचं काम! तसं नाहीये भाऊ, सगळा खेळ रक्ताचा आहे.

मांडीच्या हाडाला वर गोळा, त्याखाली बारीक मान. गोळा कमरेच्या ज्या वाटीत बसतो तिच्या बाजूने त्याला एक बारीक रक्तवाहिनी येते पण म्हातारपणी ती नावालाच, खरा पुरवठा उलटा, म्हणजे खालून वर. मानेच्या बुडाशी रक्तवाहिन्यांचं कडं असतं, तिथून फांद्या मानेला चिकटून गोळ्यापर्यंत चढतात. केळीच्या बागेतली ठिबकची नळी बघा, मधेच उंदराने कुरतडली की पुढची सगळी झाडं तहानलेली. मान मोडून हाड सरकलं की तसंच होतं. शिवाय मानेवर हाड जोडणारी पातळ साल जवळपास नसतेच. स्क्रू मारून जोडलं तरी गोळा आतून मरायचा न काही महिन्या-वर्षांनी ढासळायचा धोका मोठा, मग परत ऑपरेशन. म्हणून वय झालेल्याचा गोळा सरळ बदलतात.

मानेच्या खाली मोडलं तर गोष्ट वेगळी, तिथे हाड जाळीदार, रक्त भरपूर, ते जुळतंच, फक्त आतून रॉड टाकून धरून ठेवायचं. त्या रॉडमधला स्क्रू जरा सरकता असतो, पाय टेकला की तुकडे एकमेकांवर दाबले जातात.

लेप लावून हाड बसवणाऱ्या लेपवाल्याचं नाव होतं ते याच खालच्या फ्रॅक्चरवर! पण दोन-तीन महिने खाटेवर, तेवढ्यात न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांपैकी वर्षभरात 100 मधले 20 ते 30 जातात. "हाई वय काय ऑपरेशननं शे का?" असं घरचे विचारतात, पण ऑपरेशन करायचं ते माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसावा म्हणूनच, न तेही शक्यतो 36 ते 48 तासांत. हॉस्पिटलबाहेरच्या रोबोट-ऑपरेशनच्या बॅनरपेक्षा हे घड्याळ बघा.

आणि हो, मान मोडली पण सरकली नसेल तर फांद्या बऱ्याचदा शाबूत असतात, तेव्हा दोन-तीन स्क्रूवर भागतं. एक्सरे उजेडाला धरून डॉक्टर एवढा वेळ बघत बसतात ते यासाठीच.