मूल बोलतं तेव्हा समोरचाही बोलत असतो

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या अकरा मुलांवरून ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) वर्णन केलं, त्यांतली आठ बोलणारी होती. ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं परत म्हणत आणि स्वतःला ‘तू’ म्हणत. तरी ‘बोलतोय ना, मग काही नाही’ असं आजही घराघरांत सांगितलं जातं.

हे बोलणं यंत्राला ऐकवलं तर? मेम्फिस विद्यापीठाच्या किम ऑलर यांच्या गटाने 232 मुलांच्या कपड्यांत छोटा रेकॉर्डर ठेवून दिवसदिवसभराची 1,486 ध्वनिमुद्रणं तपासली. 2010 मध्ये निष्कर्ष आले. संगणकाला शब्द कळत नव्हते, तो फक्त आवाजाची घडण आणि लय पाहत होता. तेवढ्यावर ऑटिझम असलेली आणि नसलेली मुलं त्याने सुमारे 86 टक्के अचूकतेने वेगळी काढली.

ऑटिझमची शक्यता लवकर हेरण्यासाठी मुलाशी बोलणारं साधन घडवायचं असेल, तर मला मात्र श्रीकांत नारायणन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाचं काम जास्त मोलाचं वाटतं. तपासणीच्या वेळी त्यांनी मुलाबरोबर मानसशास्त्रज्ञाचाही आवाज मोजला. मुलाची लक्षणं किती तीव्र आहेत याचा अंदाज मुलापेक्षा मानसशास्त्रज्ञाच्या आवाजावरून चांगला बांधता आला! मूल जसं असेल तसा समोरच्याचा सूर नकळत बदलतो. अभ्यास लहान होता, 28 मुलांचा. पण टॅबलेटमधली बाहुली प्रत्येकाला एकाच गोड आवाजात ‘हा कोण?’ विचारत राहिली, तर नेमकी हीच खूण हातची जाते. त्यापेक्षा प्रश्न आईने विचारावा आणि साधनाने दोघांचं ऐकावं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अशाच ॲपमध्येही मुलाला हाक मागे उभा असलेला माणूसच मारतो. मान वळायला किती वेळ लागला, तेवढं कॅमेरा मोजतो.

इंग्रजीवर तयार झालेलं साधन मराठीत आणणं म्हणजे नुसते प्रश्न बदलणं नव्हे. ‘जेवलास?’ यात ‘तू’ उच्चारलेलाच नाही, तो क्रियापदात आहे. उत्तरादाखल मूल ‘जेवलास’ म्हणालं, तर सर्वनामं शोधणाऱ्या यंत्राला काहीच सापडणार नाही. शिवाय मागे टीव्ही आणि कुकरची शिट्टी असतेच.

अशा साधनाने निदान करायचं नसतं, तज्ज्ञाकडे कोणाला लवकर पाठवायचं एवढंच सांगायचं असतं. आणि प्रत्येक पुनरुक्ती दोष म्हणून मोजूनही चालणार नाही. ‘तुला पाणी हवंय?’ असं स्वतःच म्हणत माठाकडे जाणाऱ्या मुलाला तहान लागलेली असते.