वॉश वाळताना गडद काठ का उमटतो?

युद्धखेळांसाठीचे 28 मिलिमीटर उंचीचे मिनिएचर, म्हणजे सैनिकाची छोटी प्रतिकृती, रंगवायला घेतलेल्या नवशिक्याची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. सैनिकाच्या झग्यावर पातळ रंगाचा, म्हणजे वॉशचा, हात दिला. ओला असताना तो एकसारखा दिसला आणि वाळल्यावर मात्र मधला भाग फिका पडून भोवती गडद काठ उमटला. यावर मिळणारे सल्लेही ठरलेलेच असतात. रंग हलक्या प्रतीचा असेल, ब्रश आणखी बारीक घ्या, किंवा मुळात हातातच कला असावी लागते. यांपैकी एकाही सल्ल्याने दुखण्याच्या मुळाशी पोहोचता येत नाही, कारण तो काठ पाण्याच्या बाष्पीभवनातून तयार होतो.

प्राइमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा अस्तराचा थर, मारलेल्या प्लॅस्टिकच्या सपाट तुकड्यावर वॉशचा एक थेंब ठेवून तो भिंगातून पाहावा. थेंब वाळू लागला तरी त्याचा परीघ आत सरकत नाही. पृष्ठभागाचा खरबरीतपणा आणि तेथे अडकलेले कण यांमुळे तो जागच्या जागी खिळून राहतो. बाष्पीभवन मात्र सर्वत्र सारखे होत नाही. थेंबाच्या मध्यावरून निघालेल्या बाष्पाला आजूबाजूच्या बाष्पाच्या गर्दीतून वर जावे लागते, तर काठावरच्या बाष्पाला बाहेरच्या बाजूलाही मोकळी वाट असते, म्हणून काठावरून पाणी अधिक वेगाने उडते. चपट्या थेंबाचे गणित मांडल्यास काठाजवळ हा वेग काठापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे अंतर एक चतुर्थांश झाले की वेग दुप्पट होतो. आता परीघ आत सरकणार नसेल आणि पृष्ठताण थेंबाचा घुमट टिकवू पाहत असेल, तर काठावरून उडालेले पाणी मधल्या भागातूनच भरून यावे लागते. त्यामुळे थेंबाच्या आत मध्याकडून काठाकडे प्रवाह सुरू होतो आणि तो रंगद्रव्याचे कण आपल्याबरोबर वाहून नेतो. अखेरीस थेंबाची जाडी नावापुरतीच उरते, प्रवाहाला वाट अरुंद होते, त्याचा वेग एकदम वाढतो आणि उरलेसुरले कणही काठावर जाऊन साचतात.

शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कॉफीच्या डागाच्या निमित्ताने हे स्पष्टीकरण मांडले. पुढे 2011 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की द्रवात गोल कणांऐवजी लांबुळके कण असतील, तर ते पाण्याच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकून राहतात आणि काठ जवळजवळ उमटतच नाही. आपल्या रंगातील कणांचा आकार आपल्या हाती नसतो, पण पाणी असते. बोअरच्या जड पाण्याने वॉश पातळ केला तर त्यातील क्षारही याच प्रवाहाने काठावर जातात आणि काळ्या झग्यावर पांढुरकी रेघ दिसते. तेथे आरओचे पाणी वापरावे.

हाच वॉश झग्याच्या चुण्यांत किंवा साखळी चिलखताच्या कड्यांत मात्र सुरेख बसतो. तो उतारावरून ओघळून तेथे जातो, असा समज आहे. पाण्याच्या बाबतीत साधारण 2.7 मिलिमीटरपेक्षा लहान जागेत गुरुत्वाकर्षणावर पृष्ठताण मात करतो आणि मिनिएचरवरील चुण्या तर एक मिलिमीटरहूनही अरुंद असतात. अशा खाचेतील द्रवाचा पृष्ठभाग अंतर्वक्र असल्याने तेथील दाब कमी होतो आणि आजूबाजूचा वॉश आत खेचला जातो. म्हणून वॉश चुण्यांतच सोडावा आणि सपाट भागावर साचलेला जास्तीचा द्रव, प्रवाहाला वेळ मिळण्याआधी, पाण्यात बुडवून निथळलेल्या ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावा.

खानदेशात हा वेळच कमी मिळतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि त्या तापमानाची हवा 25 अंशांच्या हवेच्या सुमारे तिप्पट बाष्प सामावू शकते. दुपारी ती कोरडीही असते. रंग ब्रशच्या टोकावरच आवळतो, आणि ज्यांनी सल्ला ऐकून अगदी बारीक ब्रश घेतला त्यांची पंचाईत अधिक होते, कारण त्याच्या पोटात पाणीच राहत नाही. थोडा जाड, पण टोक नीट जुळणारा ब्रश अधिक उपयोगी पडतो. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा थंड आणि दमट होते, हे सोयीचे आहे. फक्त त्याच्या झोतात बसू नये, कारण वाहती हवा काठावरचे बाष्प उडवून नेते आणि बाष्पीभवन पुन्हा वाढवते. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद पसरून केलेल्या वेट पॅलेटवर माठासारखे पाणी हळूहळू पाझरत राहते व रंग ओला टिकतो. टेबलाचे तोंड पूर्वेला केल्याने हात स्थिर होतो, असे सांगणारेही भेटतात. हात स्थिर होतो तो दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेला टेकल्याने, मग टेबल कोणत्याही दिशेला असो.

सपाट भागासाठी वॉश नुसत्या पाण्याने पातळ न करता त्यात ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला ॲक्रिलिक रंगाचा दाट द्रव, मिसळावे. दाटपणामुळे आतला प्रवाह मंदावतो, शिवाय कणांना बांधून ठेवणाऱ्या पॉलिमरचे प्रमाणही घटत नाही. नुसते पाणी वाढवत गेल्यास वाळलेला रंग बोटाला लागतो. दाट रंगाचा एकच थर द्यावा, हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. या मिनिएचरचे प्रमाण साधारण साठास एक असते, म्हणजे 0.1 मिलिमीटरचा थर खऱ्या माणसाच्या अंगावर 6 मिलिमीटर जाड लेप ठरेल आणि चेहऱ्यावरचे ओठ-पापण्या बुजतील. थर पातळच द्यावेत आणि ब्रश उजेडाकडून सावलीकडे ओढावा, कारण जेथे फटकारा संपतो तेथे अधिक रंग उतरतो. दोन थरांमध्ये थांबणेही आवश्यक आहे. पाणी उडाल्यानंतर पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होण्यास आणखी वेळ लागतो, आणि कडक उन्हाळ्यात वरची साय आधी धरते; हाताला कोरड्या लागलेल्या अशा थरावर ओला ब्रश फिरवला की तो पापुद्रा फाटून खालचा प्राइमर उघडा पडतो.