एक्क्यांची जोडी केव्हा टाकावी?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांचा खडखडाट सणापुरता थांबलेला असताना, आमच्या घरी सतरंजीवर तीन पत्तीचा डाव मांडला जातो. पैसे लावण्यास आजीची सक्त मनाई असल्यामुळे शेंगदाणे लावले जातात, आणि हरणाऱ्याचे नुकसान फार तर वाटीभर चटणीइतके होते. याच सतरंजीवर एकदा माझ्या हाती एक्क्यांची जोडी असूनही मामांनी माझे सगळे दाणे नेले, तेव्हापासून हा प्रश्न मला सतावतो आहे.

हाती आलेली पाने टाकून डाव सोडण्याला पोकरमध्ये ‘फोल्ड’ आणि आपल्याकडे ‘पॅक’ म्हणतात. भिकार पाने कोणीही टाकतो. चांगली पाने टाकण्यासाठी मात्र थोडे गणित लागते. ५२ पत्त्यांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल (तिन्ही पाने एकाच किमतीची) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची सलग पाने) ४८, सिक्वेन्स (वेगवेगळ्या चिन्हांची सलग पाने) ७२० आणि कलर (एकाच चिन्हाची, पण सलग नसलेली पाने) १,०९६, म्हणजे कोणत्याही जोडीला हरवणारे एकूण १,९१६ प्रकार आहेत. हे प्रमाण सुमारे ८.७ टक्के असल्यामुळे एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक्क्यांची जोडी ढोबळमानाने शंभरातील ९१ वेळा सरस ठरते; समोर चौघे असले, तर चौघांचीही पाने कमी प्रतीची असण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास येते.

हा हिशेब पाने वाटली त्या क्षणाचा आहे. बाकीचे पॅक होऊन फक्त मामा उरले आहेत आणि ते तिसऱ्यांदा चाल, म्हणजे लावायचे दाणे, दुप्पट करत आहेत, ही नवी माहिती आहे. नव्या माहितीनुसार जुना अंदाज कसा बदलावा, याचे सूत्र इंग्रज गणिती थॉमस बेज यांच्या निबंधात सापडते, जो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये रिचर्ड प्राइस यांनी प्रसिद्ध करवला. सूत्र बाजूला ठेवून एक हजार डाव मोजू. त्यांपैकी ८७ डावांत मामांची पाने माझ्याहून वरचढ असतील आणि तेव्हा ते नक्कीच चाल वाढवतील. उरलेल्या ९१३ डावांत ते विसांतून एकदा थाप मारतात असे धरले, तर असे सुमारे ४६ डाव होतात. म्हणजे चाल वाढलेल्या १३३ डावांपैकी मी ४६ जिंकेन, आणि माझे ९१ टक्के ३५ वर घसरतात. मामा शंभरातून एकदाच थाप मारणारे असतील, तर ते जेमतेम ९ टक्के उरतात. पाने तीच आहेत. फक्त समोरच्या माणसाचा स्वभाव बदलला.

तरीही ३५ टक्क्यांवर पॅक करावे की नाही, हे पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे दाणे, ठरवतो. पॉटमध्ये ३०० दाणे आहेत आणि शो मागायला, म्हणजे दोघांची पाने उघडून निकाल लावायला, १०० लागतात, तर चारांतून एकदा जिंकले तरी बरोबरी होते. म्हणून शो मागणे रास्त आहे. पॉट १२० चाच असेल, तर ४५ टक्क्यांहून अधिक खात्री हवी, आणि एक्के टाकणेच शहाणपणाचे ठरते. पॉटमधले किती दाणे माझे होते, याला या हिशेबात कुठेही जागा नाही, आणि मनाला नेमके तेच पटत नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांच्या प्रयोगात, नाटकांच्या हंगामी तिकिटावर अनपेक्षित सवलत मिळालेल्यांपेक्षा पूर्ण किंमत मोजलेल्यांनी हंगामाच्या पूर्वार्धात अधिक नाटके पाहिली होती. गेलेला पैसा असा पुढचा निर्णय ओढून नेतो.

या सगळ्या गणिताचा कच्चा दुवा म्हणजे मामा किती वेळा थाप मारतात हा आकडा. तो सुधारायचा तर त्यांची पाने पाहावी लागतात, आणि पॅक करणाऱ्याला ती दिसत नाहीत. मागच्या दिवाळीत मी हिशेब करून एक्के टाकले, तेव्हा मामांनी आपली तीन पाने पालथीच गड्डीत मिसळली आणि दाणे ओढून घेतले.