काजळी की उभ्या नळ्या?

चुलीवरच्या टोपाच्या बुडाला धरते ती काजळी आणि कार्बनच्या नॅनोनळ्या (अतिसूक्ष्म नळ्या), दोन्ही कार्बनच. फरक अणूंच्या मांडणीचा. ही मांडणी बिघडायला प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने पेटवलेल्या विरळ वायूच्या, भट्टीत फार काही लागत नाही. गोव्यात जुलैची हवा पुरते.

नळ्या उगवायला सिलिकॉनच्या चकतीवर आधी सिलिकॉन ऑक्साइड किंवा टायटॅनियम नायट्राइडचा थर देतात. तो गाळला तर तापल्यावर निकेल सिलिकॉनमध्ये मुरते आणि नळ्या उगवत नाहीत. त्यावर ५ ते ७ नॅनोमीटर निकेल. निर्वात चेंबरमध्ये ७०० अंश सेल्सिअसला हा थर फुटतो आणि अळवावरच्या पाण्यासारखे त्याचे कण होतात. एका कणावर एक नळी, साधारण कणाएवढीच जाड. म्हणजे नळीची जाडी निकेलपाशीच ठरते, नंतर कितीही खटपट केली तरी.

मग मिनिटाला २०० घनसेंटिमीटर अमोनिया, ५०च्या आसपास अ‍ॅसिटिलीन, दाब काही मिलिबार आणि चकतीवर सुमारे उणे ६०० व्होल्ट, की वायूंचा प्लाझ्मा पेटतो. अ‍ॅसिटिलीन कार्बन पुरवतो, अमोनियातला हायड्रोजन भलतीकडे बसलेला कार्बन खरवडतो. अ‍ॅसिटिलीन जास्त झाला की नुसता काळा लेप. फारच कमी झाला की उगवलेलेही खरवडले जाते. चकतीलगतच्या विद्युतक्षेत्रामुळे नळ्या ताठ उभ्या राहतात, अर्ध्या तासात काही मायक्रोमीटर.

पावसाळ्यात चेंबर उघडा राहिला की भिंतींवरचा जुना कार्बन पाणी शोषून घेतो. पंप तासन्‌तास चालूनही दाब उतरत नाही, आणि गळती समजून रबरी कड्या बदलल्या जातात. त्याआधी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून पाहावे: गळती असेल तर दाब एकाच वेगाने चढत राहतो, ओलावा असेल तर चढून मंदावतो. ओलाव्यावर उपाय म्हणजे चेंबर कोरड्या नायट्रोजनने भरून मगच उघडणे, लगेच मिटणे आणि भिंती १०० अंशांच्या वर शेकणे. २००४मध्ये जपानी संशोधकांनी प्लाझ्माविना, किंचित वाफ सोडून अडीच मिलिमीटरपर्यंत उंच नळ्या वाढवल्या होत्या खऱ्या. पण ते मोजून दिलेले पाणी, पणजीच्या पावसाचे नव्हे.

अ‍ॅसिटिलीनसाठी तांब्याची नळी कधीच जोडू नये. स्फोटक कॉपर अ‍ॅसिटिलाइड बनते. स्टेनलेस स्टीलच घ्यावे. आणि सिलिंडर तळ गाठेपर्यंत वापरू नये: आत अ‍ॅसिटिलीन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला असतो, दाब उतरला की अ‍ॅसिटोनची वाफही सोबत येते आणि कालपर्यंत जमलेले वायूंचे प्रमाण आज चुकते.